विटलेल्या रंगाची ओढ

पोळ्याला बैलांची शिंगे रंगविणाऱ्या आणि दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन हार घालणाऱ्या आपल्या परभणीकडच्या माणसाला, जुन्या मोटारीचा रंग मुद्दाम विटविण्यासाठी कोणी पैसे मोजतो हे पटणे कठीणच. पाश्चात्त्य देशांत मात्र ही हौस चांगलीच रुजली आहे. या विटक्या रूपाला तिकडे ‘पॅटिना’ म्हणतात. मुळात हा शब्द जुन्या ब्राँझवर चढणाऱ्या हिरवट थराचा.

खरा रंग विटतो तो उन्हाने. रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट घटक अतिनील किरणांनी तुटतो व भुकटी बोटाला लागते. म्हणून टप आणि बॉनेट आधी विटतात, दारे मागाहून. नक्कल करणारा कारागीर दोन-तीन रंगांचे थर देतो आणि जेथे हात, कोपर घासते तेथेच ओला पॉलिश पेपर फिरवितो. उघड्या पत्र्यावर मीठ व व्हिनेगरचे पाणी मारून गंज आणतो, मग बिनचकाकीचे लॅकर देऊन तो थोपवितो. गंज सगळीकडे सारखाच दिसला, की सोंग उघडे पडलेच!

ओढ आहे ती वापराच्या खुणांची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतून गेली. आता आहेत त्या हौशी मालकांकडे. अशा गाडीला नवे दार बसविले आणि ते जुन्या अंगाशी जुळावे म्हणून विटविले, तर माझी हरकत नाही. परंतु शाबूत असलेला मूळ रंग शोभेसाठी खरवडणे मला पटत नाही. चकचकीत नवा रंग देणाराही तो तितकाच घालवितो. मग मूळ छटा पाहावयाची, तर डिकीच्या झाकणाखाली, जेथे ऊन पोचलेले नसते.