कोरा चहा आणि अंगातलं पाणी

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सकाळ उजाडते ती कोऱ्या चहाने. दूध परवडत नाही, म्हणून गूळ किंवा साखर, चहापूड आणि असलाच तर परसातला गवती चहा. वीटभट्टीवर जाणारा माणूस तेवढ्यावरच घराबाहेर पडतो. त्याला शहाणे लोक बजावतात, ‘उन्हात चहा घेऊ नका, अंगातलं पाणी लघवीवाटे निघून जातं.’

ही समजूत अर्धीच खरी आहे. चहातलं कॅफिन मूत्रपिंडात ॲडेनोसिन या द्रव्याचं काम अडवतं. त्यामुळे सोडियम आणि त्यासोबत पाणी थोडं जास्त बाहेर पडतं. पण हा परिणाम जाणवण्याइतकं कॅफिन एका वेळी पोटात जायला हवं, आणि रोज चहा घेणाऱ्याच्या शरीराला तर त्याची सवय झालेली असते. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये २१ निरोगी पुरुषांवर एक प्रयोग झाला. बारा तासांत २४० मिलीलिटरचे चार किंवा सहा कप चहा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी. रक्त आणि लघवी दोन्ही तपासली, तरी लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे चहातलं पाणी शरीराला पाणी म्हणूनच मिळतं.

मग उन्हात चक्कर का येते? कारण कप छोटा असतो. अर्धा कप म्हणजे जेमतेम ८० मिलीलिटर. दिवसभरात असे पाच घेतले तरी अर्धा लिटरही होत नाही. वैशाखात भट्टीवर राबणाऱ्याचा घाम तासाला लिटरभर जाऊ शकतो. दोष चहाचा नाही, न मिळालेल्या पाण्याचा आहे. याच शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि मोडकसागर ही धरणं आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आणि इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हे लिहिताना मला संताप येतो.

चहाचा खरा तोटा वेगळाच आहे. त्यातली टॅनिनं नाचणीतलं, पालेभाजीतलं लोह आतड्यात पुरेसं शोषू देत नाहीत, आणि आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं घरोघरचं दुखणं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला आहे की जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास चहा घेऊ नये.

तेव्हा कोरा चहा खुशाल घ्या, पण भाकरीसोबत नको. आणि कामावर जाताना पाण्याची बाटली भरून सोबत न्या.