पेंटबॉलचं पहिलं किट घेताय? मार्करच्या आधी मास्क बघा

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींची पेंटबॉलशी ओळख अनेकदा ऑफिसच्या टीम आउटिंगमध्ये होते. दोन-तीनदा भाड्याचं सामान घेऊन खेळलं की स्वतःचं किट घ्यावंसं वाटतं. मग आपण ऑनलाइन दुकान उघडतो आणि समोर शंभर मार्कर दिसतात. (पेंटबॉलच्या बंदुकीला खेळाडू ‘मार्कर’ म्हणतात.) कोणी म्हणतं सेकंदाला पंधरा गोळ्या, कोणी म्हणतं लांब बॅरल घे. यातलं तुमच्या कामाचं काय, हे तुम्ही कुठे खेळणार यावर ठरतं. हा लेख झाडीत खेळला जाणारा वूड्सबॉल आणि कथानक ठरवून खेळला जाणारा सिनारिओ पेंटबॉल, या दोन प्रकारांसाठी आहे.

झाडीतला खेळ वेगळा का?

पेंटबॉलचा पहिला सामना २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. बारा खेळाडू होते आणि त्यांच्या हातात नेल्सन कंपनीचे, झाडांवर आणि गुरांवर खुणा करायला वापरले जाणारे मार्कर होते. जिंकला तो एक वनअधिकारी, आणि त्याने एकही गोळी झाडली नव्हती!

झाडीतल्या खेळाचं मर्म यात आलं. स्पीडबॉलमध्ये छोट्या मैदानावर हवा भरलेल्या अडथळ्यांमागून गोळ्यांचा पाऊस पाडतात, तिथे वेग लागतो. जंगलात लपणं, ऐकणं, वाट बघणं आणि मोजकं मारणं महत्त्वाचं. सिनारिओ खेळ तर कधी दिवसभर, कधी २४ तास चालतात. म्हणून आपल्याला हवं आहे टिकाऊ, कमी कटकटीचं आणि दिवसभर अंगावर वागवता येईल असं सामान.

पहिला खर्च: मास्क

सर्वसाधारण पेंटबॉल ०.६८ कॅलिबरचा, म्हणजे साधारण १७ मिमी व्यासाचा असतो आणि वजन सुमारे ३ ग्रॅम. मैदानांवर वेगाची कमाल मर्यादा सहसा सेकंदाला ३०० फूट असते, म्हणजे ताशी जवळपास ३३० किमी. गणित केलं तर ऊर्जा येते साधारण १२.५ ज्यूल. ताशी ४५ किमी वेगाने आलेल्या क्रिकेटच्या सीझन बॉलमध्ये साधारण इतकीच ऊर्जा असते. फरक इतकाच की सीझन बॉल डोळ्याच्या खोबणीत मावत नाही, पेंटबॉल मावतो. अंगावर बसला तर निळा डाग पडतो आणि आठवड्याभरात जातो. डोळ्यावर बसला तर दृष्टी जाऊ शकते.

त्यामुळे सायकलचा, लॅबचा किंवा स्कीइंगचा गॉगल चालणार नाही. मास्कवर एएसटीएम एफ१७७६ या मानकाचा उल्लेख आहे का ते बघा. ते पेंटबॉलच्या डोळासंरक्षणासाठीच आहे.

दुसरी गोष्ट, धुकं. जंगलात धावून घाम आला की काच आतून धुरकट होते, आणि नेमका तेव्हाच मास्क वर करायचा मोह होतो. बरेचसे अपघात याच मोहातून होतात. म्हणून ‘थर्मल’ लेन्स घ्या. यात दोन थर असतात आणि मध्ये हवेची पोकळी. थंड प्रदेशातल्या दुहेरी काचेच्या खिडकीसारखंच तत्त्व आहे: आतला थर थंड पडत नाही, म्हणून वाफ त्यावर सहज जमत नाही.

चष्मा असेल तर मास्क चष्म्यासकट घालून बघा आणि मगच पैसे द्या. लेन्स पुसायला अमोनिया असलेला काच-क्लिनर वापरू नका, त्याने पॉलिकार्बोनेट कमकुवत होतं. साधं पाणी आणि मऊ कापड पुरे. लेन्सला तडा दिसला की ती बदलायचीच.

दुसरा निर्णय: हवा की सीओटू?

मार्कर चालतो दाबाखालच्या वायूवर. पर्याय दोन: कार्बन डायऑक्साइड, किंवा उच्च दाबाची साधी हवा, जिला तिकडे एचपीए म्हणतात.

सीओटूची टाकी आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरसारखी असते. आत द्रव, त्याच्या वर वायू. अशा टाकीतला दाब किती गॅस उरलाय यापेक्षा तापमान किती आहे यावर ठरतो. सीओटूसाठी तो ० अंशाला सुमारे ५०० पीएसआय, २१ अंशाला सुमारे ८५० पीएसआय आणि ३१ अंशाला हजाराच्या वर जातो. परिणाम काय? सकाळच्या गारव्यात २८० फुटांवर सेट केलेला मार्कर दुपारच्या उन्हात मर्यादा ओलांडू शकतो. उलट भराभर गोळ्या मारल्या की द्रवाची वाफ होताना टाकी गार पडते आणि दाब घसरतो. टाकी तिरकी झाली आणि द्रव मार्करमध्ये शिरला, तर आतल्या सीलची वाट लागते.

एचपीएमध्ये द्रव नसतो. टाकीच्या तोंडावरचा रेग्युलेटर आतला दाब उतरवून मार्करला साधारण ८०० पीएसआयने पुरवतो. आत ३००० असो वा १५००, बाहेर तेवढंच येतं. त्यामुळे गोळीचा वेग दिवसभर बऱ्यापैकी सारखा राहतो. आज पहिलं किट घेताना एचपीएच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीवर दोन आकडे असतात. ४८/३००० म्हणजे ४८ घनइंच जागा आणि ३००० पीएसआय दाब. ही ॲल्युमिनियमची, स्वस्त टाकी. ढोबळमानाने ४०० ते ५०० गोळ्या निघतात. ६८/४५०० ही कार्बन फायबरची, महाग टाकी. साधारण हजार गोळ्या. पण तुमच्या मैदानावरचा कंप्रेसर ४५०० पर्यंत भरतो का, ते आधी विचारा. तो ३००० वरच थांबत असेल, तर महागड्या टाकीचा एक तृतीयांश भाग तुम्ही रिकामाच वागवाल.

टाकीबाबत दोन गोष्टी विसरू नका

कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय असतात. इथे त्याच्या साधारण ९५ ते १४० पटींचा मामला आहे.

एक, तारीख. अमेरिकेत या टाक्यांची साधारण दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते आणि तिची तारीख टाकीवर असते. तारीख उलटली असेल तर मैदानावर टाकी भरून मिळत नाही. फायबरच्या बहुतेक टाक्यांचं आयुष्यही १५ वर्षांवर थांबतं. सेकंडहँड घेताना आधी हेच बघा.

दोन, टाकी काढताना काय फिरतंय ते बघा. टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह दोन्ही एकत्र फिरायला हवेत. व्हॉल्व्ह मार्करमध्येच अडकून नुसती टाकी सुटत असेल, तर ती रॉकेटसारखी उडू शकते. अशा अपघातांत अमेरिकेत माणसं दगावली आहेत. उपाय अगदी घरगुती आहे. व्हॉल्व्ह आणि टाकीच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की हात थांबवायचा आणि जाणकाराला बोलवायचं.

आता मार्कर

झाडीतल्या पहिल्या मार्करसाठी मेकॅनिकल मॉडेल उत्तम. बॅटरी नाही, सर्किट बोर्ड नाही. पाऊस-चिखलाची चिंता कमी.

टिपमन ९८ हा या वर्गातला जुना, खात्रीचा गडी. ‘ब्लोबॅक’ पद्धतीने चालतो, म्हणजे गोळी सुटताना थोडा वायू मागे जाऊन हॅमर पुन्हा ताणून ठेवतो. आवाज मोठा आणि धक्का जाणवतो, पण पडला-आपटला तरी चालतो. षटकोनी किल्ल्यांचा संच असला की घरी खोलता येतो. सीओटू आणि हवा, दोन्हीवर चालतो.

प्लॅनेट इक्लिप्स कंपनीचा एमेक जरा महाग. यात ‘स्पूल व्हॉल्व्ह’ आहे, तो कमी दाबावर, हळुवारपणे काम करतो. आवाज कमी आणि नाजूक गोळ्या आत फुटत नाहीत. जंगलात कमी आवाज म्हणजे तुमची जागा उशिरा कळणं. मात्र याला फक्त हवाच लागते, सीओटू चालत नाही. म्हणूनच वायूचा निर्णय मार्करच्या आधी घ्यायचा.

बॅरल आणि हॉपर

लांब बॅरलने गोळी लांब जाते, हा मोठा गैरसमज आहे. वेगाची मर्यादा सगळ्यांना सारखीच, मग जास्तीचं अंतर येणार कुठून? नेम धरून मारायचं अंतर ढोबळमानाने ३०-४० मीटरच राहतं. खरा फरक पडतो तो बॅरलचा आतला व्यास आणि गोळीचा आकार यांच्या मेळाने. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या सॉफ्टजेल कॅप्सूलसारखं, आणि दमट हवेत ते मऊ पडून फुगतं. म्हणून गोळ्या कोरड्या, थंड जागी ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत नको. बॅरल १२ ते १४ इंचांचं घ्या, झुडपात अडकत नाही.

हॉपर म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा. साधा, २०० गोळ्यांचा पुरेसा आहे. गोळ्या अडकायला लागल्या तर पुढे आतून ढवळणारा, बॅटरीवरचा हॉपर घेता येईल.

खरेदीचा क्रम

१. मास्क, थर्मल लेन्ससह.
२. बॅरलवर चढवायचं कापडी कव्हर. किंमत किरकोळ, पण खेळाबाहेर असताना ते लावलंच पाहिजे.
३. घोट्याला आधार देणारे बूट आणि हातमोजे. मळकट हिरवे-तपकिरी जुने कपडे चालतात, महागडी कॅमो वर्दी नंतर बघू.
४. एचपीए टाकी.
५. मार्कर आणि हॉपर.
६. बॅरल पुसायचा स्क्वीजी आणि गोळ्यांच्या डब्यांचा कमरपट्टा.

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. पहिले तीन घेऊन बाकीचं काही महिने भाड्याने वापरलंत तरी खेळ अडत नाही. मोठ्या सिनारिओला नाव देण्याआधी नियम वाचा: तिथे कधी आयोजकांचेच पेंटबॉल विकत घ्यावे लागतात, कधी गोळ्यांच्या वेगावर आणि मार्करच्या प्रकारावर बंधनं असतात. आणि मैदानावर पंचाने सांगेपर्यंत, काच कितीही धुरकट होवो, मास्क काढायचा नाही. दिसत नसेल तर हात वर करून बाहेर या, पुढचा डाव खेळता येईल.