गोड्या पाण्यांतील कोळंबीची वीण

शेतास लागून बारमाही पाण्याचें तळें असलें म्हणजे त्यांत कोळंबी सोडावी, असा विचार बागाइतदाराच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु एकदां बीज आणून सोडलें कीं पुढें माद्या पिलें घालतील व तळें आपोआप भरत राहील, अशी जी समजूत आढळते ती खरी नाहीं. तिच्यावर विसंबल्यास पुढील मोसम रिकामा जातो. म्हणून या प्राण्याच्या विणीचा क्रम जाणून घेणें अगत्याचें आहे.

येथें जिचा विचार करावयाचा ती मोठी, लांब निळ्या नांग्यांची कोळंबी होय. तिचें शास्त्रीय नांव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. वयांत आलेली मादी कात टाकते. अंग मऊ असतांनाच तिचा नराशीं संग होतो, आणि एका दिवसाच्या आंत ती अंडीं घालते. हीं अंडीं ती पोटाखालच्या पायांत धरून ठेवते व पाय हालवून त्यांस ताजें पाणी देत राहते. मोठ्या मादीजवळ ८०,००० पर्यंत अंडीं असूं शकतात. आरंभीं त्यांचा रंग नारिंगी असतो, पुढें तो करडा होतो. २८ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत सुमारें तीन आठवड्यांनीं पिलें बाहेर पडतात.

येथवर सर्व कांहीं तळ्यांत घडतें. अडचण पुढेंच आहे. नुकतीं निघालेलीं पिलें आईबापांसारखीं दिसत नाहींत. पोट वर व शेपटी पुढें करून तीं पोहतात, आणि गोड्या पाण्यांत कांहीं दिवसांतच मरून जातात. त्यांस निमखारें पाणी लागतें. म्हणूनच नदींतील अंडीं धरलेली मादी खाडीकडे उतरते, व रूप पालटलेलीं पिलें प्रवाहाविरुद्ध पुन्हा वर चढतात. पिलांची ही गरज मलायांत पिनांग येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे तज्ज्ञ शाव-वेन लिंग यांनीं १९६१ सालीं शोधून काढली. पुढें हवाई बेटांत टाकुजी फुजिमुरा यांनीं मोठ्या प्रमाणावर बीज तयार करण्याची रीत बसविली.

त्या रीतीचा सारांश असा. समुद्राच्या पाण्यांत दर हजारीं सुमारें ३५ भाग क्षार असतात. पिलांस सुमारें १२ भाग लागतात. म्हणजे समुद्राचें पाणी एक हिस्सा व गोडें पाणी दोन हिस्से असें मिश्रण करावें. घरांतील मीठ कालविल्यानें हें काम होत नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांतील इतर क्षार त्यांत पुरेसे नसतात. उष्णता २८ ते ३१ अंश राखावी, पाण्यांत हवा अखंड खेळवावी, व आर्टेमिया नांवाच्या सूक्ष्म जीवांचें खाद्य द्यावें. अकरा अवस्थांतून गेल्यावर, तीन ते पांच आठवड्यांनीं, पिलें कोळंबीचें रूप घेतात. मग त्यांस हळूहळू गोड्या पाण्याची संवय करावी. एवढी व्यवस्था एका तळ्यासाठीं परवडणारी नव्हे. बीज केंद्रांतून दर मोसमास बीज आणावें, हेंच शहाणपणाचें.

शहरांत काचेच्या टाकींत शोभेसाठीं तांबडी लहान कोळंबी पाळतात. ती टाकींतच वाढत जाते, असा दाखला कोणी देतील. तो खरा आहे, पण ती जात निराळी. तिचीं अंडीं अवघीं वीस-तीस व आकारानें मोठीं असतात, आणि त्यांतून निघणारें पिलूं आईसारखेंच असतें.

तळ्याच्या मालकानें पुढील गोष्टी मात्र अवश्य कराव्या. कात टाकलेली मऊ कोळंबी तिचे सोबतीच खातात. तिला लपावयास झावळ्या व फुटके नळ तळाशीं टाकावे. सुपारीवर फवारलेल्या बोर्डो मिश्रणांतील मोरचूद व इतर कीटकनाशकें कोळंबीस विषासमान आहेत. बागेचें वाहून येणारें पाणी तळ्यांत येऊं देऊं नये.

तळ्यांतील अंडीं धरलेली मादी विकण्यास हरकत नाहीं. परंतु नदींत ती जाळ्यांत आल्यास परत सोडावी. केरळांतील वेंबनाड सरोवरावरील तण्णीरमुक्कम बंधारा १९७६ सालीं चालू झाल्यावर तिच्या येण्याजाण्याची वाट अडली, व तेथील कोळंबी फार घटली. आपल्या नदीवर बंधारा घालण्याची योजना निघेल तेव्हां ही वाट मोकळी कशी राहील, हें गांवकऱ्यांनीं आधींच विचारावें.