गुराबेची प्रतिकृती व तिचे संशोधन

मराठ्यांच्या आरमाराविषयी कागद पुष्कळ छापले गेले आहेत. परंतु त्या आरमारातील एखादे जहाज प्रत्यक्ष कसे दिसत असे, हे कागदांवरून सांगणे कठीण पडते. कल्याणजवळ उल्हास नदीच्या काठी मोहने येथे एका स्नेह्यांच्या घरी गतवर्षी गुराबेची लाकडी प्रतिकृती बांधण्याचे काम चालले होते. त्यास आमचाही थोडा हात लागला. त्यात कोणते दोष आढळले, ते कोणत्या आधाराने दूर केले आणि कोठे थांबावे लागले, हे येथे निवेदन करतो. हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणाऱ्या वाचकांस ही रीत अपरिचित वाटणार नाही.

स्नेह्यांनी आणलेला संच परदेशी होता. तो भूमध्य समुद्रावरील ‘झेबेक’ नामक तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजाचा असून त्याचे प्रमाण साठास एक होते. पुढे झेपावणारी नाळ पाहून त्यांनी तो निवडला. जहाज पुरे करून त्यावर ‘शिवछत्रपतींची कल्याणच्या खाडीतील गुराब’ अशी पाटी लावावी व ते गावच्या शाळेस द्यावे, असा त्यांचा संकल्प होता.

तपासणीस आम्ही मुख्य आधार घेतला तो रॉबर्ट ऑर्म याच्या इ. स. १७६३ मधील ग्रंथाचा. आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन करताना तो सांगतो की, गुराबांस बहुधा दोन व क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांहून अधिक नसे. ती उथळ पाण्यात चालावी म्हणून लांबीच्या मानाने पुष्कळ रुंद बांधीत व मध्यापासून टोकाकडे निमुळती करीत.

पहिला दोष येथेच निघाला. संचातील पठाण ४०६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात ८० फूट, आणि रुंदी १०७ मिलिमीटर, म्हणजे २१ फूट होती. पठाणाची लांबी, रुंदी व अर्धी रुंदी यांचा फुटांतील गुणाकार करून त्यास ९४ ने भागावे, असा त्या काळच्या इंग्रज जहाजबांधणीतील टनांचा हिशेब आहे. त्याप्रमाणे हे जहाज १८८ टनांचेच भरले. ऑर्मचे टन याच हिशेबाचे धरले, तर तेवढ्याच पठाणावर ३०० टनांस रुंदी साडेसव्वीस फूट हवी. यास्तव मधले वांक दोन्ही अंगांस चौदा चौदा मिलिमीटर वाढवून नवे कापले व टोकांकडे ती वाढ क्रमाने कमी केली. संचातील तक्तपोशी अर्थातच अपुरी पडली. तीही नव्याने कापावी लागली.

दुसरा दोष नाळेचा. ऑर्मच्या वर्णनात नाळेवर भक्कम तक्तपोशी असून ती मुख्य तक्तपोशीच्या पातळीत आहे. दोहोंमध्ये एक आडवी भिंत आहे, आणि तीतील झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा नाळेवरून समोर मारा करतात. बाजूंच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. संचात सर्व तोफा एकसारख्या होत्या व नाळ हलकी, जाळीदार होती. आम्ही ती बदलली. मात्र नव्या नाळेच्या कडा उघड्या पाहून काम अपुरे वाटले, म्हणून हौसेने दोन्ही बाजूंस कठडा बसविला. ग्रंथ पुन्हा वाचता चूक उमगली. समोरच्या लाटांत गुराब फार गोते खाई. नाळेवर आदळलेले पाणी विनाअडथळा वाहून जावे म्हणून ती मुद्दाम उघडी ठेवीत. कठडा काढून टाकला. नकलकाराने अर्थ न कळता पोथीत घातलेला शब्द तो हाच.

वल्ह्यांची छिद्रेही बुजविली. ऑर्म चाळीस-पन्नास वल्ही सांगतो ती गलबतांची. वारा पडला म्हणजे गलबते गुराबांस ओढून नेत. गुराबेच्या शिडांविषयी मात्र निश्चित आधार हाती नसल्याने आम्ही ती लावलीच नाहीत. गळालेल्या अक्षरांची जागा जशी रिकामी सोडतात, तशा डोलकाठ्या मोकळ्या ठेविल्या.

खरा वाद पाटीवरून झाला. महाराजांनी कल्याण-भिवंडी इ. स. १६५७ मध्ये घेतली, आणि इ. स. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रात कल्याण, भिवंडी व पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधली जात असल्याची वार्ता आहे. परंतु त्या वार्तेवरून जहाजांचा घाट ठरत नाही, आणि ऑर्मचे वर्णन जवळजवळ शंभर वर्षांनंतरचे. स्नेही म्हणाले, “गावचे नाव तेवढे राहू द्या.” त्यांची इच्छा आम्हांस कळत होती. तथापि अशा प्रतिकृतीचे छायाचित्र निघते, ते पुस्तकात जाते, आणि पुढे तेच पुरावा म्हणून दाखविले जाते. शेवटी त्यांनीच पाटी लिहिली: ‘आंग्रेकालीन गुराब, अठराव्या शतकाचा मध्य, ऑर्मच्या वर्णनावरून मोहने येथे बांधली.’ गावाचे नाव राहिले, आणि योग्य जागी राहिले.

इ. स. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्यामुळे लाकडाची साक्ष आता मिळणे नाही. उरली ती दप्तरांची. यास्तव संग्राहकांस विनंती आहे की, जुन्या जमाखर्चात सागाच्या फळ्यांची लांबी, खिळ्यांचे वजन, काथ्या किंवा शिडाचे कापड यांच्या नोंदी आढळल्यास त्या क्षुल्लक म्हणून टाकू नयेत. शिडाच्या कापडाचे गज मिळाले, तर मोहन्याच्या त्या मोकळ्या डोलकाठ्यांवर काय चढवावे, हे ठरविता येईल.