सीमेवरील बांध : करार की दावा? – ऑफाच्या बांधाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शेताचा बांध मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा आहे. बांध कोरल्यावरून उद्भवलेले तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. कारण बांध केवळ माती अडवीत नाही, तर मालकीची हद्द कोठे संपते हेही सांगत असतो. मात्र तो कोणी घातला, कोणाच्या संमतीने घातला आणि त्यासाठी माती कोणत्या बाजूची खणली, याचा शोध पाहणाऱ्यालाच घ्यावा लागतो. राज्यांच्या सीमेवरील प्राचीन मातीकामांचा अभ्यास करताना इतिहासकारांसमोर हेच प्रश्न उभे राहतात. इंग्लंड व वेल्स यांच्या सरहद्दीवरील ‘ऑफाचा बांध’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. दोन राज्यांनी समजुतीने ठरविलेली सीमारेषा, असे त्याचे वर्णन दीर्घकाळ केले गेले. हे वर्णन उपलब्ध पुराव्यावर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बांधाचे स्वरूप व लेखी पुरावा :

आठव्या शतकात इंग्लंडच्या मध्यभागी मर्सिया हे प्रबळ राज्य होते. त्याचा राजा ऑफा याने इ.स. ७५७ ते ७९६ या काळात राज्य केले. मर्सियाच्या पश्चिमेस वेल्श लोकांची राज्ये होती व त्यांपैकी पॉविस हे राज्य मर्सियास लागून होते. वेल्श वार्षिकवृत्तांत इ.स. ७६० मधील हेरेफर्डच्या लढाईची, तसेच ७७८ व ७८४ या वर्षी ऑफाने वेल्श प्रदेशात केलेल्या विध्वंसाची नोंद आढळते. हा प्रदेश त्या काळी अशांत होता, हे यावरून स्पष्ट होते.

बांध म्हणजे मातीचा उंच वरंबा व त्याच्या बाजूने खणलेला खंदक. खंदकासह त्याची रुंदी काही ठिकाणी २० मीटरपर्यंत भरते. खंदक सामान्यतः पश्चिमेस, म्हणजे वेल्श बाजूस आहे. त्यातील माती पूर्वेकडे टाकून वरंबा रचला गेला. त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्यास वरंब्याची उंची अधिक भासते. बांधाची रेषाही बहुतेक ठिकाणी पश्चिमेकडील मुलूख नजरेच्या टप्प्यात राहील अशा रीतीने उतारावरून नेली आहे.

एवढ्या मोठ्या कामाचा समकालीन लेखी उल्लेख मात्र उपलब्ध नाही. सर्वांत जुना उल्लेख वेल्श धर्मगुरू अ‍ॅसर याने इ.स. ८९३ मध्ये लिहिलेल्या आल्फ्रेड राजाच्या चरित्रात आढळतो. ऑफाने वेल्स व मर्सिया यांच्यामध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंत मोठा बांध घालविला, असे अ‍ॅसर सांगतो. ऑफाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेल्या या एका विधानावर बांधाचे नाव, काळ व लांबी या तिन्ही गोष्टी दीर्घकाळ आधारलेल्या होत्या.

लांबीचा प्रश्न :

सर सिरिल फॉक्स यांनी १९२५ ते १९३२ या काळात बांधाची प्रत्यक्ष पाहणी केली. तिचा एकत्रित ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेकडील समुद्रकिनाऱ्यापासून दक्षिणेस सेव्हर्न नदीच्या मुखापर्यंतचे सुमारे २४० किलोमीटरचे अंतर त्यांनी एकच सीमारेषा म्हणून विचारात घेतले. प्रत्यक्ष मातीकाम मात्र सुमारे १३० किलोमीटरच आढळले. उरलेल्या भागात नद्या व घनदाट अरण्ये यांनीच सीमेचे काम केले असावे, असे त्यांचे मत होते.

डेव्हिड हिल व मार्गारेट वर्दिंग्टन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निराळा निष्कर्ष मांडला. त्यांच्या मते, ऑफाचा म्हणता येईल असा सलग बांध हेरेफर्डशायरमधील रशॉक टेकडीपासून उत्तरेस फ्लिंटशायरपर्यंत, म्हणजे सुमारे १०३ किलोमीटरच आहे. हा मतभेद केवळ मोजमापाचा नाही. बांध समुद्रापासून समुद्रापर्यंत असेल, तर तो समस्त वेल्श प्रदेशासंबंधीचे धोरण ठरतो. तो मधल्या भागापुरताच असेल, तर त्याचा रोख प्रामुख्याने एकट्या पॉविस राज्यावर होता असे मानावे लागते.

करार की दावा? :

बांधाची रेषा दोन्ही पक्षांच्या वाटाघाटींतून ठरली असावी, असा फॉक्स यांचा विचार होता. या मताच्या बाजूने एक गोष्ट निश्चित सांगता येते. बांधावर कायम शिबंदी ठेवल्याचे दर्शविणारे किल्ले वा बुरूज आढळलेले नाहीत. एवढ्या लांबीवर सतत पहारा ठेवणे त्या काळच्या राज्यास शक्यही नव्हते.

परंतु पहारा नव्हता म्हणून संमती होती, असे अनुमान काढता येत नाही. लँगॉलेनजवळील एलिसेगचा स्तंभ या संदर्भात महत्त्वाचा आहे. पॉविसचा राजा कंगेन याने नवव्या शतकाच्या पूर्वार्धात आपला पणजोबा एलिसेग याच्या स्मरणार्थ तो उभारला. त्यावरील लेख आता वाचता येत नाही. परंतु एडवर्ड लुइड यांनी १६९६ साली केलेली त्याची नक्कल उपलब्ध आहे. एलिसेगने पॉविसचा वारसा इंग्रजांच्या सत्तेतून तलवारीने व अग्नीने परत मिळविला, असा तिचा आशय आहे. पॉविसच्या राजघराण्याने ही भूमी आपलीच मानली होती, हे यावरून दिसते. बांध हे एका पक्षाचे म्हणणे मानले, तर स्तंभ हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ठरते.

कीथ रे व इयान बॅप्टी यांनी २०१६ सालच्या ग्रंथात बांधाकडे मर्सियाच्या वर्चस्वाचे भूदृश्यातील प्रकटीकरण म्हणून पाहिले आहे. खंदकाची बाजू व पश्चिमेकडे रोखलेली दृष्टी यांच्याशी हे मत अधिक जुळते.

प्रत्यक्ष करार कसा असतो, हे ‘डनसेटे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या व साधारणतः दहाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या कायद्यावरून कळते. नदीच्या दोन तीरांवरील इंग्रज व वेल्श लोकांमधील गुरांच्या चोरीचे तंटे कसे मिटवावेत, हे त्यात सांगितले आहे. निवाडा करण्यासाठी सहा इंग्रज व सहा वेल्श अशा बारा जाणकारांची तरतूद आहे. येथे दोन्ही पक्षांना समान स्थान आहे. बांधाच्या रचनेत असा समतोल दिसत नाही.

कालनिश्चितीतील अडचणी :

चर्क येथील उत्खननातील नमुन्यांचे किरणोत्सारी कार्बन पद्धतीने काढलेले निष्कर्ष २०१४ साली जाहीर झाले. ते इ.स. ४३० ते ६५२ या काळाकडे निर्देश करतात. यावरून बांधाचा काही भाग ऑफाच्या पूर्वीचा असावा, असे मत पुढे आले. तथापि वरंब्यात रचलेली हरळीची ढेपळे आधीच्या काळातील सेंद्रिय द्रव्य सोबत आणतात. त्यामुळे असा नमुना वरंबा कधीनंतर रचला गेला हे सांगतो. तो नेमका कधी रचला गेला हे सांगेलच असे नाही.

समांतर असलेल्या, सुमारे ६४ किलोमीटर लांबीच्या ‘वॅटच्या बांधा’बाबतही हाच अनुभव येतो. १९९७ साली वरंब्याखाली सापडलेल्या चुलीच्या कोळशाने पाचव्या शतकाच्या आसपासचा काळ सुचविला. २००६ सालच्या उत्खननातील मातीच्या परीक्षणाने मात्र नवव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे निर्देश केला. त्यामुळे एका ठिकाणच्या नमुन्यावरून संपूर्ण बांधाचा काळ ठरविणे धोक्याचे आहे.

उत्तरकालीन स्मृती व जतन :

बाराव्या शतकातील जॉन ऑफ सॉल्झबरी या लेखकाने एका कठोर आदेशाची हकीकत दिली आहे. तीनुसार, शस्त्र घेऊन बांध ओलांडणाऱ्या वेल्श माणसाचा उजवा हात तोडावा, असे हॅरॉल्डने फर्माविले होते. नायटन या गावाचे वेल्श नावही ‘बांधावरचे गाव’ अशा अर्थाचे आहे. याचा अर्थ असा की, आरंभी जो दावा होता, तो पुढे लोकमानसात सीमा म्हणून रुजला. आजची सरहद्द मात्र १५३५ व १५४२ च्या कायद्यांनंतर स्थिर झाली. ती अनेक ठिकाणी बांधापासून दूर आहे.

१९७१ साली बांधाच्या नावाने राष्ट्रीय पदमार्ग खुला झाला. कायद्याचे संरक्षण असूनही २०१३ साली चर्क व लँगॉलेन यांच्या दरम्यान सुमारे ४५ मीटरचा भाग सपाट केला गेला. जेथे लेखी पुरावा एका विधानापुरताच आहे, तेथे मातीचा थर हाच मुख्य दस्तऐवज असतो. तो नष्ट झाल्यास त्याची दुसरी प्रत मिळत नाही.

निष्कर्ष :

१) ऑफाच्या बांधाच्या लांबीविषयीचे मत बदलले की त्याच्या उद्देशाचा अर्थही बदलतो.

२) खंदकाची दिशा, बांधाची रेषा व एलिसेगचा स्तंभ यांचा एकत्रित विचार करता, बांध हा परस्परसंमत करारापेक्षा प्रबळ पक्षाचा दावा होता असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

३) सीमेवरील मातीकाम सीमावाद मिटल्याचा पुरावा मानता येत नाही. अनेकदा वाद चालू असल्याचाच तो पुरावा असतो. म्हणून पराभूत वा दुर्बल पक्षाची साधनेही त्याच्याबरोबरच वाचली पाहिजेत.