जवसाच्या चटणीतलं चित्र

पालीच्या दोस्तांनो (बीडजवळची, बिंदुसरा धरणाची पाली बरं का, भिंतीवरच्या नव्हेत!), घरी गेलात की जवसाच्या चटणीची बरणी उघडा आणि चिमूटभर चटणी जिभेवर ठेवा. लागली ना खमंग, तेलकट? आता त्या तेलाची गंमत ऐका.

शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब काचेवर ठेवला, तर आठवड्यानंही तो ओलाच असतो. जवसाच्या तेलाचा थेंब मात्र आधी चिकट होतो आणि मग त्यावर दुधावरच्या सायीसारखी कातडी धरते. ओला कपडा वाळला की हलका होतो. हे तेल वाळताना चक्क जड होतं! कारण त्यातून काही उडून जात नाही, उलट ते हवेतला ऑक्सिजन आत ओढून घेतं. मग तेलाचे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि फेर घट्ट होत जातो.

इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टननं हीच कातडी वापरली. तिच्यात राळ आणि बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा मिसळून त्यानं ते मिश्रण कापडावर थापलं आणि जमिनीवर अंथरायची एक जाड चादर बनवली. तिचं नाव लिनोलियम. हे 1860 नंतरच्या काही वर्षांतलं. पुढं चित्रकारांना कळलं, की अरे, ही तर लोण्यासारखी कोरता येते!

आपल्याकडे ती कोरणाऱ्यांत मला सगळ्यांत आवडतात चित्तप्रसाद. जन्म 1915, गाव बंगालमधलं नैहाटी. जात कळू नये म्हणून त्यांनी 'भट्टाचार्य' हे आडनावच सोडून दिलं. 1943 साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा ते मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले आणि भुकेल्या माणसांची चित्रं काढली. चित्राशेजारी ते त्या माणसाचं नाव, गावही लिहायचे. त्यांचं 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक निघालं आणि इंग्रज सरकारनं त्याच्या 5000 प्रती जाळून टाकल्या. विचार करा, चित्रांची केवढी ही धास्ती!

त्या काळी कम्युनिस्टांच्या रशियात चित्रकारांनी कामगार आणि शेतकरी रंगवावेत, पण हसरे, जिंकलेले, असा सरकारचाच आग्रह होता. चित्तप्रसादही कम्युनिस्ट होते. तरी त्यांनी उपाशी माणूस उपाशीच दाखवला. मला ते त्यांचं मोठेपण वाटतं.

1946 पासून ते मुंबईत राहिले, अंधेरीला. तिथं ते लिनोलियम, म्हणजे थोडक्यात लिनो, कोरत. लिनोच का? तैलचित्र एकच असतं आणि ते एकाच्याच भिंतीवर लागतं. लिनोचा ठसा एकदा कोरला, की त्यावर शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा आणि दाबायचं. यंत्र नसलं तर चमच्याच्या पाठीनं घासलं तरी चालतं. जिथं कोरलं तिथं पांढरं, जे राखलं ते काळं. अशा कितीतरी प्रती निघतात, अगदी गरिबालाही परवडतील अशा. छपाईच्या शाईतही पुष्कळदा जवसाचंच तेल असतं!

राबणाऱ्या मुलांवर त्यांनी अशी एक सबंध चित्रमालिका कोरली. 1969 मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीनं ती पुस्तकरूपात काढली. नाव होतं 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स', म्हणजे ज्यांच्या वाट्याला परीकथाच आल्या नाहीत अशी देवाची लेकरं. ही चित्रं बघताना मला आपल्या बीडची मुलं आठवतात. दिवाळीच्या सुमाराला आईबाबांचा कोयता ऊसतोडीला निघतो, त्यामागं जाणारी, कोपीत धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणारी. तुमच्या वर्गातही असेल असं कुणी. परत आल्यावर त्याला विचारा, पहाटे फडात काय काय दिसतं? आणि ते सांगेल ते कोरा.

लिनो नसला तर बटाटा घ्या. मोठ्या माणसाला तो मधोमध कापून द्यायला सांगा. त्यावर 'पाली' कोरा, रंग लावा आणि छापा. अरेच्चा, 'प'ची काठी डावीकडं गेली, ना? म्हणून ठशावर सगळं उलटंच कोरावं लागतं. चित्तप्रसादांनाही तसंच करावं लागे.

शिवाय एका काचेवर दोन थेंब ठेवा, एक शेंगदाण्याच्या तेलाचा, एक जवसाच्या. काच सावलीत उघडी ठेवा. फक्त एक करा, जवसाच्या तेलानं भिजलेलं फडकं चुरगाळून टाकू नका. ते वाळताना तापतं आणि कधीकधी आपोआप पेटतं. ते पसरूनच वाळवा. थेंबांना मात्र रोज सकाळी काडीच्या टोकानं हलकेच शिवा, आणि कुठल्या दिवशी कातडी धरली ते वहीत लिहून ठेवा.