साडेतेरा फूट आणि एक दोरी

आमच्या ओटीवरच्या फरशीवर मी खडूनं एक आकृती काढून ठेवली आहे. लांबी साडेतेरा फूट, मध्यावर रुंदी जेमतेम सव्वापाच. केर काढताना पुसली जाते, मी पुन्हा काढतो. आत मांडी घालून बसलं आणि हात पसरले, की बोटं होडीबाहेर जातात. ही ‘टिंकरबेल’. एवढ्या होडीतून रॉबर्ट मॅन्री १९६५ साली एकटा अटलांटिक ओलांडून गेला.

मॅन्रीमागे मी इतकी वर्षं लागलो, त्याचं निमित्त लहानसं होतं. हा अमेरिकन माणूस जन्मला मसुरीजवळच्या लंढौरला, २ जून १९१८ रोजी. शिक्षणही तिथल्याच वुडस्टॉक शाळेत. पुढं तो क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ दैनिकात कॉपी एडिटर झाला. म्हणजे आपला उपसंपादक, दुसऱ्यांच्या बातम्या नीटनेटक्या करणारा. १९५८ मध्ये त्यानं १६० डॉलरला तीसेक वर्षांची एक लाकडी होडी घेतली. तळ्यात फिरायची, उघडी, डागडुजीला आलेली. एका मित्राच्या पंचवीस फुटी होडीतून दोघांनी अटलांटिक पार करायचा बेत ठरला होता. मित्रानं माघार घेतली. मॅन्रीनं घेतली नाही. आपण एकटेच जातोय हेही त्यानं कचेरीत सांगितलं नाही. निघताना टपालात टाकलेल्या पत्रातून ते सहकाऱ्यांना कळलं.

हे सगळं ऐकून लोक ‘वेडं साहस’ म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. त्यानं केलेले बदल एकेक करून पाहा. उघड्या होडीवर प्लायवूडची केबिन बांधली. मागच्या बैठकीत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर जाईल अशी सोय केली. तळातून खाली सोडायची पाती वजनदार केली, म्हणजे होडी कलंडली तरी ते वजन तिला पुन्हा उभी करील. आणि मोकळ्या जागांत पॉलिस्टायरीनचा फोम भरला. घनफूटभर फोम पाण्याखाली गेला, की सुमारे २८ किलोचा भार तोलून धरतो. होडी पाण्यानं काठोकाठ भरली तरी बुडणार नाही, हा हिशेब घरीच झाला होता. होडी उलटणारच, असं धरून चालणाऱ्या माणसाला मी वेडा कसा म्हणू?

दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात बांधलेली बोट ५६ फुटी. टिंकरबेलच्या चौपट. मोठ्या बोटीला वेग असतो, ती लाटेशी झुंजू शकते. टिंकरबेलनं झुंजायचंच नव्हतं. वादळात मॅन्री शीड उतरवून सी-अँकर सोडायचा. लांब दोरीला बांधलेला हा अँकर तळाला रुतत नाही, पाण्यातच ओढ धरतो. त्या ओढीनं होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेकडे राहते. लाट आडवी अंगावर आली तर लहान होडी उलटते; नाळेवर घेतली तर बुचासारखी वर चढते.

तरी ती उलटलीच. मॅन्री प्रवासात सहा वेळा पाण्यात फेकला गेला. त्याच्या कमरेपासून होडीपर्यंत एक दोरी होती. एकटा माणूस पाण्यात पडला, तर होडी वळवून त्याला घ्यायला मागं कुणी नसतं. वारा असेल तर ती त्याला सोडून निघून जाते, आणि पोहून तिला गाठता येत नाही. पहिल्या वेळी तो पाण्याखाली चाचपडत होता. हाताला दोरी लागली, तिला धरून वर आला, तर होडी आधीच सरळ होऊन उभी! पातीचं वजन आणि फोम यांनी आपलं काम चोख केलं होतं. वाटेत सुकाणू मोडलं, तेही त्यानं हलत्या होडीतच दुरुस्त केलं.

एका गोष्टीवर मात्र होडीच्या बांधणीत उपाय नव्हता, ती म्हणजे झोप. मोठ्या जहाजाखाली चिरडलं जाण्याच्या धास्तीनं तो जागा राहायचा, जागं राहायच्या गोळ्या घ्यायचा. मग भास सुरू झाले. होडीत नसलेली माणसं दिसू लागली. शरीर थकल्यावर कमरेची दोरी बांधायची शुद्ध तरी राहील का, हा प्रश्न मला त्याच्या लाटांपेक्षा जास्त भेडसावतो.

१ जूनला मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथहून तो निघाला. सत्तेचाळिसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी, समुद्रात. १७ ऑगस्टला, ७८ दिवसांनी, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या फॅलमथला पोचला. धक्क्यावर हजारोंची गर्दी होती. तो होडीतून उतरला, पाय ठरेनात. आधी गुडघ्यांवर बसला आणि वाकून त्यानं जमिनीला ओठ टेकवले.